महागडी एचडीएमआय केबल : गरज किती, भुरळ किती?

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी दूरचित्रवाणी संच घेणे हा आजही घरातील साऱ्यांनी मिळून घ्यावयाचा निर्णय असतो. संत्र्याच्या बहराचे किंवा कापसाचे पैसे हाती आले की गावातल्या दुकानात, नाही तर परतवाड्याला किंवा अमरावतीला जाऊन संच पाहिले जातात, किमतीची घासाघीस होते आणि सौदा ठरतो. बिल तयार होत असतानाच काउंटरवर आणखी एक वस्तू ठेवली जाते. सोनेरी टोकांची, जाड विणीच्या आवरणाची, देखण्या खोक्यातली एचडीएमआय केबल. ‘संच एवढा चांगला घेतला, आता साध्या केबलने चित्र खराब करू नका,’ असा प्रेमळ सल्लाही सोबत मिळतो. साधी केबल दोन-तीनशे रुपयांत मिळते. ही दीड हजारांपासून पुढे कितीही असू शकते. परदेशात तर हजार डॉलरहून अधिक किमतीच्या केबल विकल्या जातात.

या जादा पैशात खरोखर अधिक चांगले चित्र मिळते काय? घरगुती वापरापुरते उत्तर स्पष्ट आहे. संच आणि सेट-टॉप बॉक्स यांच्यातील अंतर दोन-तीन मीटर असेल आणि केबल योग्य वर्गाची व सदोष नसेल, तर दोनशे रुपयांच्या आणि दोन हजार रुपयांच्या केबलमधून येणारे चित्र तंतोतंत सारखेच असते. मात्र ‘सगळ्या केबल सारख्याच’ असा याचा अर्थ नव्हे. काही ठिकाणी जादा पैसे मोजणे आवश्यक असते. ती ठिकाणे कोणती, हे ओळखता आले की दुकानातील सल्ल्याचे मोल आपोआप ठरवता येते.

समजुतीचे मूळ

‘जाड तार, चांगले चित्र’ ही समजूत निराधार नाही; ती एका जुन्या, पण आता मागे पडलेल्या तंत्रज्ञानातून आलेली आहे. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा गावोगावी घरांच्या छपरांवर उंच अँटेना उभ्या होत्या. तारेचा सांधा सैल झाला, पावसाने तार गंजली किंवा वाऱ्याने अँटेना फिरली, की पडद्यावर मुंग्या येत. पुढे व्हीसीआर आणि डीव्हीडीच्या काळात पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांच्या तारा घरात आल्या. त्यांतून वाहणारा संदेश ॲनालॉग स्वरूपाचा होता. म्हणजे विजेच्या दाबातील सूक्ष्म चढउतार हेच प्रत्यक्ष चित्र होते. तारेत जेवढी गळती, जेवढा बाहेरचा गोंगाट, तेवढी चित्रात धूसरता, सावली किंवा रंगांचा विटकेपणा. त्या काळी चांगल्या तारेने चित्र थोडेसे सुधारे, हा लोकांचा अनुभव खरा होता.

एचडीएमआयची गोष्ट निराळी आहे. हिताची, मात्सुशिता (पॅनासॉनिक), फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून या जोडणीचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये निश्चित केले. चित्र आणि ध्वनी दोन्ही एकाच १९ पिनांच्या केबलमधून, तेही अंकीय म्हणजे डिजिटल स्वरूपात नेणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. जोडणी बदलली, परंतु तारेविषयीची समजूत मात्र जुनीच राहिली आणि तिच्यावर एक किफायतशीर व्यापार उभा राहिला. चुरशीच्या बाजारात संचावर दुकानदाराला सुटणारा नफा बेताचा असतो. केबल, स्टँड, वाढीव हमी अशा जोड-वस्तूंवर तो बराच अधिक असतो. हे त्यामागचे साधे व्यावहारिक कारण आहे.

काटापट्टीवरचा आकडा

अंकीय संदेश म्हणजे काय, हे समजण्यासाठी बाजार समितीतील काटापट्टीचे उदाहरण घेता येईल. गाडीचे वजन झाल्यावर चिठ्ठीवर आकडा लिहिला जातो. चिठ्ठीचा कागद साधा असो की गुळगुळीत, आकडा वाचता येत असेल तोवर शेतकऱ्याच्या हाती पडणारे पैसे तेवढेच. भारी कागदावर लिहिल्याने कापूस दोन किलोंनी वाढत नाही. चिठ्ठी भिजली आणि आकडा पुसट झाला, तर मात्र वाचणारा चुकतो.

एचडीएमआय केबलमधून असेच आकडे जात असतात. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के चित्रात ८२,९४,४०० असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा या तीन रंगांची तीव्रता सामान्यतः ० ते २५५ यांमधील आकड्यांनी सांगितली जाते आणि हे आकडे शून्य व एक यांच्या ओळीत लिहून पाठविले जातात. संचातील यंत्रणेला फक्त एवढेच ओळखायचे असते, की आलेला संकेत ‘शून्य’ आहे की ‘एक’. केबलमध्ये तो थोडा क्षीण झाला, थोडा विस्कटला, तरी जोवर ही ओळख अचूक होते तोवर मूळ आकडा जसाच्या तसा मिळतो.

‘या केबलने काळा रंग अधिक गडद दिसतो’ किंवा ‘रंग अधिक खुलतात’ हा दावा म्हणूनच टिकत नाही. रंग गडद व्हायचा तर लाखो ठिपक्यांचे आकडे एका ठरावीक दिशेने, ठरावीक प्रमाणात बदलावे लागतील. असे काम संचातील किंवा खेळ-यंत्रातील संगणकीय चिप करू शकते, तांब्याची तार करू शकत नाही. केबल बिघडली तर चुका कुठेही, कशाही होतात आणि त्यांचे रूपही ठरलेले आहे. पडद्यावर चमचमणारे पांढरे वा रंगीत ठिपके, आडव्या रेघा, मधूनच क्षणभर काळा पडदा, ध्वनी तुटणे, किंवा ‘नो सिग्नल’ ही अक्षरे. चित्र स्वच्छ दिसत असेल, पण ‘थोडे फिके’ वाटत असेल, तर दोष केबलचा नसून संचाच्या मांडणीचा किंवा मूळ प्रक्षेपणाचा असतो.

किती माल, केवढा रस्ता

केबलचे खरे मोजमाप तिच्या किमतीत नसून ती दर सेकंदाला किती माहिती वाहून नेऊ शकते यात आहे. हे माप गिगाबिटमध्ये सांगितले जाते. घरातील वापर या मापात मांडून पाहिला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

एचडी सेट-टॉप बॉक्समधून सर्वसाधारणपणे बाहेर पडणाऱ्या १०८०आय चित्राला सुमारे २.२३ गिगाबिट लागतात. सेकंदाला ६० चौकटींच्या फुल एचडी चित्राला सुमारे ४.४६ गिगाबिट, फोर-के चित्राला सेकंदाला ३० चौकटी असतील तर सुमारे ८.९१ आणि ६० चौकटी असतील तर सुमारे १७.८२ गिगाबिट लागतात. बाजारातील सामान्य ‘हाय स्पीड’ वर्गाची केबल १०.२ गिगाबिटसाठी तपासलेली असते. म्हणजे डीटीएचचे एचडी चित्र पाहणाऱ्या घरात या साध्या केबलचा जेमतेम पाव हिस्सा वापरला जातो. त्यापुढची क्षमता विकत घेणे म्हणजे एका बैलबंडीसाठी चौपदरी रस्ता बांधण्यासारखे आहे.

वऱ्हाडातील पुष्कळ घरांत तर याहूनही कमी लागते. केबल वाहिन्यांच्या अंकीकरणाचा पहिला टप्पा २०१२ मध्ये महानगरांपासून सुरू झाला. उर्वरित शहरी भाग, म्हणजे चांदूर बाजारसारखी नगर परिषदेची गावे, तिसऱ्या टप्प्यात मोडत होती आणि या टप्प्याची अखेरची मुदत ३१ जानेवारी २०१७ ही ठरली. या काळात घरोघरी आलेले अनेक बॉक्स एचडी नव्हते. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील वाहिन्याही मुख्यतः साध्या दर्जाच्या, म्हणजे एसडी आहेत. अशा बॉक्सला कितीही महाग केबल जोडली, तरी मुळात जे चित्रच पाठविले गेलेले नाही ते पडद्यावर येणार नाही. त्या घरातील खरी सुधारणा म्हणजे एचडी बॉक्स आणि एचडी वाहिन्यांची वर्गणी.

आणखी एक मुद्दा सहसा लक्षात येत नाही. संच ‘स्मार्ट’ असेल आणि चित्रपट, क्रिकेट किंवा यूट्यूब हे सारे संचातीलच ॲपवर पाहिले जात असेल, तर ते चित्र एचडीएमआय केबलमधून जातच नाही. ते वाय-फायने थेट संचात येते. तेथे चित्राचा दर्जा इंटरनेटच्या वेगावर ठरतो. फोर-केसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिट एवढ्या वेगाची शिफारस करते.

वर्गाचे नाव पाहा, आकडा नव्हे

दुकानात केबल मागताना ‘टू-पॉइंट-वन द्या’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. वस्तुतः १.४, २.० (२०१३), २.१ (२०१७) हे आकडे मानकाच्या आवृत्त्यांचे आहेत. केबलला आवृत्तीचा आकडा लावणे एचडीएमआय संघटनेच्याच नियमांत बसत नाही. केबलचे वर्ग पुढीलप्रमाणे आहेत.

स्टँडर्ड : ७२०पी व १०८०आय चित्रापुरता. हा वर्ग आता मागे पडला आहे.

हाय स्पीड : १०.२ गिगाबिट. फुल एचडी आणि ३० चौकटींचे फोर-के यांसाठी पुरेसा.

प्रीमियम हाय स्पीड : १८ गिगाबिट. ६० चौकटींचे फोर-के आणि एचडीआर यांसाठी. या वर्गाची प्रमाणपत्र योजना २०१५ मध्ये सुरू झाली.

अल्ट्रा हाय स्पीड : ४८ गिगाबिट. १२० चौकटींचे फोर-के आणि एट-के यांसाठी. प्लेस्टेशन ५ सारखी नवी खेळ-यंत्रे असणाऱ्या घरांनाच याची खरी गरज भासते.

२०२५ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीसाठी ९६ गिगाबिटची ‘अल्ट्रा ९६’ केबलही जाहीर झाली. परंतु आजच्या सर्वसाधारण घरातील संचाला तिचा उपयोग नाही.

शेवटच्या दोन जुन्या वर्गांच्या, म्हणजे प्रीमियम आणि अल्ट्रा हाय स्पीडच्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर तपासणीचे खास लेबल असते. एचडीएमआयच्या अधिकृत मोबाइल ॲपने ते स्कॅन केले की केबल अस्सल आहे की नाही, हे तिथल्या तिथे कळते. सोनेरी अक्षरांतील ‘एट-के रेडी’, ‘अल्ट्रा प्रो’, ‘मॅक्स क्वालिटी’ या शब्दांना असा कोणताही आधार नसतो. लेबल असलेली माफक किमतीची केबल ही लेबल नसलेल्या महागड्या केबलपेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.

पैसे खर्च करावे ते येथे

केबल जितकी लांब, तितका संकेत क्षीण होतो आणि वाहून न्यायची माहिती जितकी अधिक, तितका तो लवकर क्षीण होतो. हा भौतिकशास्त्राचा भाग आहे, जाहिरातीचा नव्हे. दोन-तीन मीटरपर्यंत चिंता नाही. पाच मीटरच्या पुढे फोर-केसाठी आणि साधारण दहा मीटरच्या पुढे फुल एचडीसाठीही केबलची बनावट महत्त्वाची ठरू लागते. तेथे जाड तारेची केबल, संकेताला बळ देणारी चिप असलेली ‘ॲक्टिव्ह’ केबल किंवा प्रकाशतंतूची ऑप्टिकल केबल घ्यावी लागते आणि त्यांची किंमत न्याय्यही असते. अशा केबलची दोन टोके सारखी नसतात. एक बॉक्सकडे, दुसरे पडद्याकडे, अशी खूण असते. उलटी जोडल्यास चित्र येत नाही आणि केबल नाहक बदनाम होते.

ही गरज घरापेक्षा सार्वजनिक ठिकाणी अधिक भासते. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय २२ जून २०१५ रोजी निघाला. त्यानंतरच्या वर्षांत जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी लोकसहभागातून प्रोजेक्टर आणि मोठे पडदे घेतले. छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि शिक्षकाच्या टेबलावरचा संगणक यांच्यात भिंतीवरून फिरत जाणारी तार सहज दहा-बारा मीटर होते. गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा मंगल कार्यालयात तर ती याहून लांब असते. अशा ठिकाणी शंभर रुपये वाचविण्यासाठी घेतलेली पातळ केबल वर्गणीतून आलेले सारे साहित्य बिनकामाचे करून ठेवते.

दुसरे ठिकाण भिंतीच्या आतील जोडणीचे. नव्या घरात गिलाव्याआड केबल टाकायची असेल, तर सुरुवातीलाच प्रमाणित, वरच्या वर्गाची केबल घालावी. शिवाय पाइप रुंद ठेवावा. एचडीएमआयच्या टोकाचा नुसता धातूचा भागच सुमारे १४ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यावरील आवरण त्याहून मोठे. अरुंद पाइपमधून उद्या केबल बदलता आली नाही, तर भिंत फोडावी लागते.

दावे आणि वस्तुस्थिती

सोन्याचा मुलामा : सोने गंजत नाही, म्हणून सांध्यावर त्याचा अतिशय पातळ थर उपयोगी असतो. पण वीज वाहून नेण्यात तांबे सोन्यापेक्षा सरस आहे आणि असा मुलामा आता स्वस्त केबललाही असतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

चांदीची तार, ऑक्सिजनविरहित तांबे : संकेताची गळती यामुळे किंचित कमी होऊ शकते. लांब केबलमध्ये त्याला थोडा अर्थ आहे. दोन मीटरमध्ये आकडे आधीच अचूक पोहोचत असल्याने सुधारायला काही उरत नाही.

विणलेले जाड आवरण : ओढाताणीला टिकाऊ. वारंवार काढ-घाल होत असेल तर उपयुक्त, चित्राशी मात्र संबंध नाही. उलट फार जड व ताठ केबल भिंतीला टेकलेल्या संचाच्या पोर्टवर ताण आणते.

‘चित्र तीस टक्के अधिक स्पष्ट’ : अंकीय जोडणीत असे घडण्याचा मार्गच नाही.

वऱ्हाडातील खरा शत्रू

आपल्याकडे संचाला धोका असतो तो विजेच्या दाबातील चढउताराचा, कच्च्या अर्थिंगचा आणि मृगाच्या तोंडावर कडाडणाऱ्या विजांचा. छपरावरील डिशची तार, सेट-टॉप बॉक्स आणि संच हे एचडीएमआय केबलने एकमेकांशी जोडलेले असतात. डिशच्या तारेतून आलेला झटका त्याच वाटेने संचाच्या मुख्य बोर्डापर्यंत पोहोचू शकतो. उपकरणे चालू असताना केबल काढणे-घालणे हेही पोर्ट जळण्याचे एक कारण आहे. बोर्ड बदलण्याचा खर्च काही हजारांच्या घरात जातो.

महागडी केबल यांपैकी कशालाही अडवत नाही. तेच दीड-दोन हजार रुपये नीट अर्थिंग करून घेण्यात, चांगल्या दर्जाच्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये किंवा स्टॅबिलायझरमध्ये घातले तर संचाचे आयुष्य वाढते. ढगांचा गडगडाट सुरू होताच संचाचा प्लग आणि डिशची तार, दोन्ही काढून ठेवणे याला तर काहीच खर्च नाही.

चित्र सुधारण्याचे बिनखर्चाचे उपायही आहेत. सेट-टॉप बॉक्सच्या मांडणीत चित्राचा दर्जा ‘५७६’वर राहिला असेल, तर तो ‘१०८०’ करावा. दुकानात उठून दिसावे म्हणून ठेवलेला संचाचा भडक ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ करावा. फोर-के उपकरण जोडले असल्यास त्या पोर्टचा वाढीव क्षमतेचा पर्याय संचाच्या मेनूतून चालू करावा. बरेचदा तो मुळात बंद असतो आणि दोष केबलवर जातो.

खरेदी करताना

आधी बॉक्सच्या खोक्यात पाहावे. बहुधा एचडीएमआय केबल सोबत दिलेली असते आणि ती पुरेशी असते. ती लावून अर्धा तास चित्र पाहावे. ठिपके चमकत नसतील, पडदा काळा होत नसेल आणि संचाच्या माहिती-पट्टीवर अपेक्षित आकडे, म्हणजे १०८० किंवा २१६०, दिसत असतील तर नवी केबल घेण्याची गरज नाही. घ्यावयाचीच असेल तर आधी अंतर मोजावे, लागेल तेवढ्याच लांबीची केबल घ्यावी, वर्गाचे नाव वाचावे आणि वेष्टनावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात माल असल्यास मूळ देश छापलेला आहे ना, हे पाहावे. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार हे तपशील बंधनकारक आहेत.

‘चित्र सुधारेल’ असा दावा दुकानदार करीत असेल, तर तो पक्क्या बिलावर लिहून मागावा. पुष्कळदा वाद तेथेच संपतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला असून वस्तूच्या दर्जाविषयी खोटे सांगून ती विकणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हापासून पक्के बिल मागण्याचा आग्रह महाराष्ट्रातील ग्राहकाला परका राहिलेला नाही. केबलसारख्या लहान वस्तूच्या बाबतीतही तो धरावयास हरकत नाही.

थोडक्यात, दोन-तीन मीटरसाठी साधी ‘हाय स्पीड’ केबल, ६० चौकटींच्या फोर-केसाठी लेबल असलेली प्रीमियम केबल, नव्या खेळ-यंत्रासाठी अल्ट्रा हाय स्पीड, आणि लांब अंतरासाठी ॲक्टिव्ह किंवा ऑप्टिकल. याखेरीज जे काही जादा मागितले जाईल, ते खोक्याचे आणि सोनेरी रंगाचे पैसे समजावेत आणि ते अर्थिंग करणाऱ्या तारतंत्र्यासाठी राखून ठेवावेत.